घर तापवायला गॅस स्वस्त की वीज? हिशेब असा मांडा

प्रश्न थोडक्यात असा: थंडीत घर उबदार ठेवायचं आहे, घरात गॅसही आहे आणि वीजही, तर चालवण्याचा खर्च कशाचा कमी? अडचण अशी की गॅसचं बिल घनमीटरमध्ये येतं, सिलिंडर किलोवर मिळतो, वीज युनिटमध्ये मोजली जाते आणि हीटरच्या खोक्यावर छापलेले आकडे यांपैकी कशाशीच जुळत नाहीत.

सगळीकडे लागू पडेल असं एक उत्तर नाही, कारण दर सगळीकडे वेगळे. हिशेबाची पद्धत मात्र एकच आहे. तिला तीन आकडे लागतात: विजेच्या एका युनिटचा दर, गॅसमधल्या एका युनिट ऊर्जेचा दर, आणि यंत्र त्यातली किती ऊर्जा प्रत्यक्ष खोलीत उतरवतं. एवढं हाती आलं की एका भागाकारात काम होतं. त्यानंतर उरतो तो प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: तापवायच्या खोल्या किती?

आधी सगळं एका मापात आणू. विजेचं नेहमीचं युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, ३.६ मेगाज्यूल. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक गॅसच्या एका घनमीटरमध्ये साधारण १०.५ ते ११ युनिट ऊर्जा असते. एलपीजीच्या एका किलोत सुमारे १३.८ युनिट. बिल थर्ममध्ये येत असेल तर एक थर्म म्हणजे २९.३ युनिट. मीटर जुना असून घनफूट दाखवत असेल तर १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. गॅसचं मिश्रण बदललं की उष्मांकही (एका मापातल्या गॅसमधली ऊर्जा) थोडा बदलतो. बिलावर तो मेगाज्यूलमध्ये छापलेला असेल तर त्याला ३.६ने भागा आणि तोच आकडा वापरा.

इथेच पहिली चूक होते. समजा विजेच्या एका युनिटचा दर १ आहे आणि गॅसच्या एका घनमीटरचा ३. (चलन कोणतंही घ्या, आपल्याला फक्त प्रमाण हवं आहे.) बिलं शेजारी ठेवली की गॅस तिप्पट महाग वाटतो. पण त्या घनमीटरमध्ये १०.६ युनिट ऊर्जा आहे, म्हणजे गॅसमधलं एक युनिट पडलं ०.२८ला. बॉयलर (गॅसवर पाणी तापवून ते घरभर फिरवणारं यंत्र) त्यातली ८० टक्के उष्णता घरात देत असेल तर ०.२८३ भागिले ०.८, म्हणजे ०.३५. साध्या विजेच्या हीटरचं एक युनिट मात्र १लाच पडतं. म्हणजे या दरांना हीटरची ऊब गॅसच्या जवळपास २.८ पट महाग झाली.

हा २.८ आकडा जपून ठेवा, कारण तोच पुढे हीट पंपाची, म्हणजे विजेच्या जोरावर बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या यंत्राची, परीक्षा घेतो. हीट पंप एका युनिट विजेत २.८ युनिटांपेक्षा जास्त उष्णता देत असेल तर वीज जिंकते, कमी देत असेल तर गॅस. सूत्र असं:

बरोबरीचा आकडा = (विजेचा दर ÷ गॅसच्या एका युनिट ऊर्जेचा दर) × गॅस यंत्राची कार्यक्षमता

बॉयलर किती चांगला यावर हा आकडा केवढा हलतो ते पाहा. वरचेच दर ठेवून बॉयलर ६५ टक्क्यांचा जुनाट असेल तर बरोबरी २.३वर होते. ९२ टक्क्यांचा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेची उष्णताही परत मिळवणारा) असेल तर ३.२५वर. शेजाऱ्याच्या घरी हीट पंपाने बिल कमी झालं आणि तुमच्याकडे वाढलं, तर दोघांचेही आकडे खरे असू शकतात.

आता कार्यक्षमतेकडे येऊ. सगळ्यात जास्त फसवणूक, आणि प्रामाणिक गोंधळही, इथेच आहे.

गॅस जळला की पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर नैसर्गिक गॅसमधून सुमारे १.६ किलो पाणी निघतं. ते वाफेच्या रूपात धुराड्यातून बाहेर गेलं तर त्याबरोबर गॅसमधली साधारण १० टक्के ऊर्जाही जाते. म्हणून उष्मांक मोजण्याच्या दोन रीती पडल्या आहेत: ही वाफेतली उष्णता धरून एकूण, आणि ती वगळून निव्वळ. बॉयलरच्या पत्रकावर १०७ टक्के कार्यक्षमता लिहिलेली दिसते ती निव्वळ मापाची. एकूण मापावर तोच बॉयलर सुमारे ९६ टक्क्यांचा ठरतो. बिल एकूण उष्मांकावर आणि कार्यक्षमता निव्वळ मापावर असा मेळ घातलात तर गॅस आहे त्यापेक्षा दहा टक्के स्वस्त दिसेल. वर दिलेले १०.५ ते ११ आणि १३.८ हे आकडे एकूण मापाचे आहेत, तेव्हा कार्यक्षमताही एकूण मापाचीच घ्या. फक्त निव्वळ आकडा मिळाला तर नैसर्गिक गॅससाठी त्याला ०.९ने गुणा, एलपीजीसाठी ०.९२ने.

कंडेन्सिंग बॉयलर ही वाफ थंड करून तिच्यातली उष्णता परत मिळवतो. त्यासाठी रेडिएटरमधून (खोल्यांतले पोकळ पत्रे, ज्यांत बॉयलरचं गरम पाणी फिरतं) परतणारं पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसच्या खाली असावं लागतं, आणि जेवढं खाली तेवढा फायदा जास्त. प्रत्यक्षात बसवणारा माणूस जाण्याचं तापमान, म्हणजे बॉयलरमधून रेडिएटरकडे निघणाऱ्या पाण्याचं तापमान, ७५-८० अंशांवर ठेवून निघून जातो. पाणी ६० अंशांना परततं, वाफ तशीच बाहेर पडते, आणि महागडा कंडेन्सिंग बॉयलर साध्या बॉयलरसारखा ८६-८७ टक्क्यांवर चालत राहतो. जाण्याचं तापमान ५५-६० अंशांवर आणलं की तोच बॉयलर ९०च्या पुढे जातो. याला पैसे लागत नाहीत, फक्त एक बटण फिरवायचं. रेडिएटर हाताला कमी गरम लागतात आणि खोली तापायला वेळ जास्त लागतो, म्हणून सुरुवात अर्धा-पाऊण तास आधी करायची. कडाक्याच्या थंडीत खोली तापेनाशी झाली तर तापमान पाच-पाच अंशांनी वर न्या. एक सावधगिरी: गरम पाण्याची साठवण टाकी असेल तर तिचं तापमान ६० अंशांखाली आणू नका. कोमट साठ्यात लेजिओनेला जिवाणू वाढतात. टाकीची आणि रेडिएटरची सेटिंगं वेगळी असतात, ती एकमेकांत मिसळू नयेत.

गॅसच्या बाजूचे आणखी दोन खर्च हिशेबातून सुटतात. एक, पायलट ज्योत, म्हणजे मुख्य बर्नर पेटवण्यासाठी तेवत ठेवलेली छोटी ज्योत. जुन्या यंत्रांत ती रात्रंदिवस जळते. २०० वॅट धरली तरी दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला साडेतेरा घनमीटर गॅस. उन्हाळ्यात ती बंद करा. दुसरा, पंप किंवा पंखा. ८० वॅटचा जुना पंप दिवसाला बारा तास चालला तर जवळपास एक युनिट वीज जाते, आणि गरम हवा ढकलणारे पंखे तर कित्येकदा ३०० वॅटच्या पुढचे असतात. ही वीज गॅस तापवणीच्या खात्यातच मांडायला हवी. हवेच्या नळ्या माळ्यावरून किंवा घराखालून जात असतील तर सांध्यांतून आणि पातळ आवरणातून पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त उष्णता वाटेतच गळू शकते. मग बॉयलर ९५ टक्क्यांचा असला तरी खोलीला ७५च मिळतात.

मोठा बॉयलर म्हणजे चांगला बॉयलर, ही समजूतही महागात पडते. बहुतेक बॉयलर ठरावीक किमान शक्तीखाली चालू शकत नाहीत. किमान शक्ती ६ किलोवॅट आणि घराची गरज त्या वेळी २ किलोवॅट असेल तर बॉयलर दोन-तीन मिनिटं पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. प्रत्येक वेळी पेटण्याआधी पंखा आतली गरम हवा बाहेर ढकलून देतो. आवाजावरून हे ओळखता येतं: बाहेर फार थंडी नसताना तासाला सहा-आठपेक्षा जास्त वेळा पेटत असेल तर गडबड आहे. जाण्याचं तापमान कमी करणं आणि तापवणीसाठीची कमाल शक्ती खाली आणणं (बहुतेक बॉयलरच्या मेनूत ही सोय असते, पण ती तंत्रज्ञाकडूनच करून घ्या) याने बराच फरक पडतो.

धुराडं नसलेला, सिलिंडरवर चालणारा खोलीतला हीटर हा निराळा प्राणी आहे. वरवर पाहता तो उत्तमच: सगळी उष्णता खोलीतच राहते, फक्त वाफेतली तेवढी वगळायची, म्हणजे एकूण मापावर ९२ टक्के. पण धूरही खोलीतच राहतो. एक किलो एलपीजी जळताना सुमारे १.६ किलो पाणी आणि ३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. ३ किलोवॅटचा हीटर तासाला साधारण २२० ग्रॅम गॅस घेतो, म्हणजे पाच तासांत पावणेदोन लिटर पाणी थंड भिंतींवर आणि काचांवर. काचा ओघळणं, कोपऱ्यांत काळी बुरशी येणं यामागे बरेचदा हेच असतं. शिवाय हवा कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो जीव घेतो. खिडकी थोडी उघडी ठेवणं भागच आहे, आणि त्या उघड्या खिडकीचा खर्च हिशेबात धरायला हवा. तासाला ६० घनमीटर जास्तीची हवा आत येत असेल आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक असेल तर ०.३३ × ६० × १५, म्हणजे सुमारे ३०० वॅट बाहेर जातात (एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात). ३ किलोवॅटच्या हीटरचे १० टक्के. म्हणून अशा हीटरची खरी कार्यक्षमता ८२-८३ टक्केच धरा. झोपायच्या खोलीत तो रात्रभर चालू ठेवू नका, हिशेब काहीही सांगो.

सिलिंडरचा आणखी एक छुपा खर्च म्हणजे तळाशी उरणारा गॅस. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन उणे ४२ला. मिश्रणात ब्युटेन जास्त असेल आणि सिलिंडर थंडीत बाहेर असेल तर आतला दाब कमी होतो. त्यातच मोठा हीटर वेगाने गॅस ओढतो, गॅसची वाफ होताना सिलिंडरचीच उष्णता जाते, बाहेरून दव किंवा हिम जमतं आणि ज्योत बारीक होते. लोक ‘गॅस संपला’ म्हणून सिलिंडर बदलतात, तेव्हा आत एक-दोन किलो शिल्लक असतो. पैसे मात्र पूर्ण सिलिंडरचे गेलेले असतात. खात्री करायची तर सिलिंडर काट्यावर ठेवा आणि त्याच्या अंगावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करा. गरम पाणी ओतणं किंवा शेजारी हीटर लावणं हा उपाय नव्हे, तो धोका आहे. कमी शक्तीवर चालवणं किंवा दोन सिलिंडर योग्य रेग्युलेटरने जोडून घेणं हा उपाय.

विजेच्या साध्या हीटरबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. तेलाचा असो, ब्लोअर असो, सिरॅमिकचा असो की भिंतीवरची चकचकीत पट्टी, १००० वॅट घेतले की १००० वॅटच उष्णता मिळते. ‘ऊर्जा बचत करणारा हीटर’ हा शब्दप्रयोग ऐकला की दुकानाबाहेर पडावं. फरक आहे तो उष्णता कशी आणि किती वेगाने पोचते यात. ब्लोअर दहा मिनिटांत हवा तापवतो आणि बंद केला की लगेच गारठा. तेलाचा हीटर तापायला वीस मिनिटं घेतो, पण आवाज न करता स्थिर ऊब देतो. इन्फ्रारेड हीटर हवेपेक्षा समोर बसलेल्या माणसाला तापवतो. त्यात बचत होते ती फक्त तुम्ही खोलीची हवा दोन-तीन अंशांनी थंड ठेवायला तयार असाल तर. खुर्चीत एकाच जागी बसून काम करणाऱ्याला तो परवडतो, घरभर फिरणाऱ्याला नाही. अंथरुणासाठी तर ५०-१०० वॅटचं विजेचं ब्लँकेट १५०० वॅटच्या हीटरला आरामात हरवतं.

हीटर निवडताना चांगला थर्मोस्टॅट पाहा. बऱ्याच हीटरवर नुसते १ ते ६ आकडे असतात, अंश नसतात, आणि लोक ‘लवकर तापेल’ म्हणून ६वर ठेवतात. खोली लवकर तापत नाही, जास्त तापते. दुसरी गोष्ट वायरिंगची. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३. तासनतास एवढा प्रवाह गुंडाळलेल्या एक्स्टेंशन वायरमधून गेला तर ती वितळते. प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागला तर पकड सैल झाली आहे. तो आधी बदला, मग हीटर लावा.

आता हीट पंप. इन्व्हर्टर एसी उलटा फिरवून घर तापवणं हाही हीट पंपच. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेत दोन ते चार युनिट उष्णता देऊ शकतो. या पटीला सीओपी म्हणतात. ती कायम सारखी नसते हे विसरलं की हिशेब कोसळतो. भौतिकशास्त्राची मर्यादा काढायला सोपी आहे: उष्णता ज्या तापमानाला द्यायची ते केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३), भागिले दोन तापमानांतला फरक. बाहेर ० अंश आणि पाणी ३५ अंश असेल तर ३०८ ÷ ३५, म्हणजे ८.८. पाणी ५५ अंश हवं असेल तर ३२८ ÷ ५५, म्हणजे ६. खरी यंत्रं या मर्यादेच्या साधारण ४० ते ५० टक्के गाठतात. ४५ टक्के धरले तर ३५ अंशांना ४ आणि ५५ अंशांना २.७. आपला बरोबरीचा आकडा २.८ होता हे आठवा. तोच हीट पंप फरशीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांना किंवा मोठ्या रेडिएटरना जोडला तर गॅसपेक्षा बराच स्वस्त, आणि जुन्या लहान रेडिएटरना जोडला तर बरोबरीचा किंवा थोडा महाग.

म्हणून पत्रकावरचा सर्वांत मोठा सीओपी घेऊ नका. तो बहुधा बाहेर ७ अंश असतानाचा असतो. संपूर्ण हंगामाची सरासरी दिलेली असते, ती घ्या, आणि तीही तुमच्या पाण्याच्या तापमानाची. ० ते ५ अंशांची दमट थंडी यंत्राला कोरड्या थंडीपेक्षा जास्त छळते. बाहेरच्या कॉइलवर हिम जमतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं आणि घरातलीच उष्णता बाहेर टाकतं. त्या वेळी बाहेरच्या युनिटातून वाफ उठताना दिसते, तो बिघाड नव्हे. पण दर वीस मिनिटांनी असं होत असेल तर कॉइल घाण आहे, हवेची वाट अडली आहे किंवा यंत्रातला शीतक वायू कमी झाला आहे.

हीट पंपाचं बिल अपेक्षेच्या दुप्पट आलं तर पहिला संशय राखीव विजेच्या हीटरवर घ्या. बऱ्याच यंत्रांत मदतीला साधा हीटर बसवलेला असतो, त्याचा सीओपी १. रात्री तापमान १५ अंशांवर आणून सकाळी एकदम २१ मागितलं की यंत्राला वाटतं तातडी आहे, आणि तो हीटर चालू होतो. गॅस बॉयलरला रात्रीची मोठी घसरण मानवते, हीट पंपाला नाही. तिथे दोन-तीन अंशांपेक्षा जास्त उतरवू नये. राखीव हीटर कोणत्या बाह्य तापमानाखाली चालू व्हावा याची सेटिंग असते, ती तपासा. एसीने तापवत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी आतली जाळी धुवा. धुळीने भरलेली जाळी सीओपी पाडते, आणि उन्हाळ्यात थंडाव्यावरून जसं लगेच कळतं तसं ते हिवाळ्यात कळत नाही.

दर कोणता धरायचा? बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट, हा सरासरी दर इथे चुकीचा आहे. लागतो तो पुढच्या एका युनिटचा दर. जिथे विजेचे दर टप्प्यांनी चढतात तिथे तापवणीची वीज नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात पडते, कारण दिवे, फ्रिज, पंखे यांनी खालचे टप्पे आधीच व्यापलेले असतात. जिथे रात्रीची वीज स्वस्त तिथे उलट होतं: विटांत उष्णता साठवणारा हीटर किंवा गरम पाण्याची टाकी रात्रीच भरता येते. साठवणीच्या हीटरची खोट एवढीच की उष्णता दुपारपर्यंत आपोआप झिरपते आणि संध्याकाळी हवी तेव्हा उरत नाही. मग लोक पूर्ण दराने दुसरा हीटर लावतात आणि स्वस्त विजेचा फायदा तिथेच संपतो.

स्थिर आकारांचंही तसंच. स्वयंपाकाला गॅस राहणारच असेल तर जोडणीचं भाडं दोन्हीकडे सारखं आहे, ते तुलनेतून काढून टाका. गॅस फक्त तापवणीसाठी असेल आणि जोडणीच बंद करता येणार असेल तर वर्षभराचं भाडं गॅसच्या खात्यात घाला. लहान, चांगल्या बंदिस्त घरात कधीकधी हाच आकडा निकाल फिरवतो. तसंच विजेचा मंजूर भार वाढवावा लागणार असेल तर त्याचा मासिक आकार विजेच्या खात्यात.

आता तुमच्या घराला उष्णता किती लागते ते काढू. सगळ्यात भरवशाचा मार्ग जुनी बिलं. उन्हाळ्यातल्या महिन्याला २५ घनमीटर गॅस लागतो (स्वयंपाक, अंघोळीचं पाणी) आणि कडक हिवाळ्यात १३० लागतो असं समजा. तापवणीचे झाले १०५. हिवाळ्यात नळाचं पाणी जास्त थंड असतं म्हणून त्या २५मध्ये चार-पाच घनमीटर वाढवले तरी चालतील, इथे सोपेपणासाठी सोडून देऊ. १०५ × १०.६ म्हणजे १११३ युनिट, ८० टक्क्यांनी ८९० युनिट उष्णता घराला मिळाली. दिवसाला जवळपास ३०.

बिलं नसतील तर घराच्या उष्णतागळतीवरून. आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला घर २०० वॅट गमावतं असं धरा. आत १९, बाहेर सरासरी ९, म्हणजे १० अंशांचा फरक. पण माणसं, ऊन, फ्रिज, स्वयंपाक मिळून तीन-साडेतीन अंशांचं काम फुकटात करतात, म्हणून फरक ६.५ धरू. २०० × ६.५ × २४ तास × १२० दिवस, म्हणजे हंगामाला सुमारे ३७४० युनिट. जाता जाता: थर्मोस्टॅट एक अंश खाली आणल्याने किती वाचतं, याचं उत्तरही यातच आहे. ६.५मधला १ गेला तर १५ टक्के. अतिथंड हवेत हा फरक १५ अंश असेल तर तोच एक अंश ६-७ टक्केच वाचवतो. म्हणून ‘एका अंशाला अमुक टक्के’ असे ठरीव आकडे सगळ्यांना लागू पडत नाहीत.

मघाचं घर पुढे नेऊ. दिवसाला ३० युनिट उष्णता हवी. खर्च विजेच्या एका युनिटच्या दरात मोजू. गॅस: ३० × ०.३५, म्हणजे १०.५, अधिक पंपाचं १, एकूण ११.५. साधे हीटर सगळ्या घरात: ३०. हीट पंप, सीओपी ३: १०. आतापर्यंत अपेक्षित तेच.

पण एकच खोली वापरायची असेल तर? १५०० वॅटचा हीटर खोली तापल्यावर साधारण निम्मा वेळ चालू राहतो. सहा तासांत ४.५ युनिट. म्हणजे २.८ पट ‘महाग’ असलेला हीटर सगळं घर तापवणाऱ्या गॅसच्या निम्म्याहून कमी खर्चात पडला. दोन खोल्या: ९, अजूनही कमी. तिसऱ्या खोलीला १३.५, आणि गॅस पुढे निघून जातो. हा बदल कुठे येतो ते तुमच्या दरांनी काढा. एकट्या-दुकट्या माणसाच्या घरात तो बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या खोलीच्या मध्ये सापडतो.

‘रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंद करून गॅसनेही एकच खोली तापवता येईल की’ हा आक्षेप रास्त आहे. येते, पण मोठ्या बॉयलरचं पेटणं-विझणं तेव्हाच सुरू होतं आणि ८० टक्के राहत नाहीत. तरी दोन-तीन रेडिएटर उघडे ठेवून बाकीचे कमी केले तर गॅसचा आकडा ११.५वरून बराच खाली येतो, तेव्हा तुलना त्या आकड्याशी करा. आणि बंद खोल्या अगदी बर्फगार होऊ देऊ नका. उबदार खोलीतली दमट हवा दाराच्या फटीतून तिथे जाते आणि थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. १२-१४ अंश राहू द्या, मधली दारं लावून घ्या, कपडे तिथे वाळत घालू नका.

आकडेमोडीवर विश्वास बसत नसेल तर घरच्या घरी चाचणी घ्या. लागोपाठचे, साधारण सारख्या थंडीचे सहा-आठ दिवस निवडा. अर्धे दिवस गॅसवर, अर्धे विजेवर. दोन-दोन दिवसांनी आलटून-पालटून केले तर हवामानाचा फरक बराचसा कापला जातो. खोलीत साधा तापमापक दोन्ही वेळा एकाच जागी ठेवा, हीटरच्या वाऱ्यापासून आणि खिडकीपासून दूर, बसल्यावर छातीच्या उंचीला. रोज ठरावीक वेळी गॅसचा मीटर वाचा. हीटरची वीज प्लगमध्ये बसणाऱ्या छोट्या मीटरने मोजा, मात्र तो हीटरचा प्रवाह पेलणारा असावा. सिलिंडर असेल तर वजन आधी आणि नंतर. बाहेरचं सरासरी तापमान लिहा आणि दिवसाचा खर्च आत-बाहेरच्या फरकाने भागा. तो दर-अंशी खर्च दोन्ही यंत्रांचा शेजारी लिहिला की वाद उरत नाही. यंत्र बदललं की त्यानंतरचा पहिला दिवस मोजू नका. आदल्या यंत्राने तापवलेल्या भिंती त्या दिवशी नव्या यंत्राला फुकट मदत करत असतात.